अफूच्या पेटीपासून एमडीच्या पुडीपर्यंत

मनुष्य नशेच्या आहारी का जातो, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा नीतीच्या अंगाने दिले जाते. मुलगा वाईट संगतीला लागला, घरातल्या वडीलधाऱ्यांचा धाक सुटला, हातात पैसा फार खेळू लागला किंवा अजिबात उरला नाही, म्हणून तो बिघडला, असे सांगितले की ऐकणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाऱ्याची जबाबदारीही संपते. या उत्तरात तथ्य नाही असे नव्हे. परंतु एखाद्या प्रदेशातील माणसे अमुकच पदार्थाच्या नादी का लागतात, एका पिढीपूर्वी तो पदार्थ तेथे नावालाही का नव्हता, आणि पुढच्या पिढीत तो मागे पडून दुसराच त्याची जागा का घेतो, याचा उलगडा या उत्तराने होत नाही. तो करावयाचा तर माणसाच्या स्वभावाइतकाच प्रदेशाचा नकाशा पाहावा लागतो; कोणत्या वाटेने कोणता माल जातो, कोणत्या बंदरात तो उतरतो, कोणत्या कारखान्यात तो तयार होऊ शकतो आणि कायद्याच्या कोणत्या कलमात तो सापडतो, हे तपासावे लागते. मुंबई आणि तिच्या पाठीशी असलेला महाराष्ट्र हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा मुलूख आहे. गेल्या दोनशे वर्षांत येथे नशेच्या पदार्थांची तीन पर्वे आली, आणि प्रत्येक पर्वाचे कारण येथील व्यापारात, उद्योगात किंवा शेजारच्या देशांतील राजकारणात सापडते.

प्रारंभ अफूपासून करावा लागतो. वॉरन हेस्टिंग्जने 1773 साली बंगालमधील अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती घेतला, तेव्हापासून गंगेच्या खोऱ्यातील अफू ही सरकारी मिळकत झाली. माळव्याची गोष्ट निराळी होती. तेथील अफू शिंदे, होळकर आणि राजपुतान्यातील संस्थानिक यांच्या मुलखात पिकत होती. तेथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता. ती अफू बाहेर जाऊ नये म्हणून कंपनीने संस्थानांशी करारमदार करून पाहिले, स्वतः माल खरेदी करून पाहिला, पण व्यापाऱ्यांनी तो माल राजस्थानच्या वाळवंटातून कराचीस आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला नेण्याचा रस्ता काढला. अडवून अडत नाही असे दिसल्यावर 1830 च्या सुमारास कंपनीने धोरण फिरवले. माळव्याची अफू खुशाल मुंबईस आणावी, मात्र दर पेटीमागे परवान्याचे शुल्क भरावे, असे ठरले. 1843 साली सिंध जिंकला गेला आणि कराचीची वाट बंद झाली. त्याबरोबर, तोवर पेटीमागे 125 रुपये असलेले हे शुल्क 200 वर, 1845 साली 300 वर आणि 1847 साली 400 रुपयांवर गेले. कारण आता व्यापाऱ्याला दुसरी वाट उरली नव्हती. चोरटा माल दंडुक्याने अडतो की पर्यायी वाट संपल्याने अडतो, या वादाचा हा एक जुना आणि बोलका दाखला आहे.

चीनला जाणाऱ्या या अफूच्या व्यापारावर मुंबईचे पहिले मोठे भांडवल उभे राहिले. जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून कापसाबरोबर अफूही कॅन्टनकडे जात असे, आणि त्या मिळकतीतील मोठा वाटा रुग्णालये, रस्ते व शाळा यांच्या रूपाने शहरास परत मिळाला, हे मुंबईच्या इतिहासाचे वाचक जाणतातच. चीनला जाणारी अफू 1907 च्या करारानुसार दरवर्षी कमी करीत नेण्यात आली आणि 1913 साली ती थांबली. परंतु देशातल्या देशात अफूची दुकाने सरकारी परवान्याने चालूच होती. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणारी बाई तान्ह्या मुलाला अफूचा अंश असलेली ‘बाळगोळी’ चाटवून, ते पाळी संपेपर्यंत झोपून राहील अशी तजवीज करून मगच घराबाहेर पडे. त्या बाईला व्यसनी म्हणणे अन्यायाचे होईल, आणि मुलाला म्हणणे त्याहून अन्यायाचे. चाळीच्या खोलीत मूल सांभाळणारे कोणी नसणे, दहा-बारा तासांची पाळी आणि कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळणारी गोळी, या तिन्हींच्या संगमातून ती चाल पडली होती.

गांजा-भांगेच्या बाबतीतही सरकारचा दृष्टिकोन महसुलाचा होता. इंग्लंडातील पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाल्यावरून 1893 साली नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर हिंडून 1,193 साक्षीदारांची जबानी घेतली आणि असा निष्कर्ष काढला की मर्यादित सेवनाने फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी केल्यास लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील, तेव्हा लागवडीवर नियंत्रण, परवाने आणि चढती जकात हाच शहाणपणाचा मार्ग होय. या निष्कर्षामागे तिजोरीचा विचार नव्हता असे म्हणवत नाही; पण बंदी झाल्यास माणूस नशा सोडील की नशेचा पदार्थ बदलील, हा कमिशनने उपस्थित केलेला प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

स्वातंत्र्यानंतर हे धोरण पालटले. मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला. अफूच्या बाबतीत असे ठरले की वैद्यकीय कारणाखेरीज तिचे सेवन क्रमाक्रमाने बंद करावे आणि 1959 पासून ती केवळ नोंदलेल्या व्यसनींनाच परवान्यावर मिळावी. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा-चरसाचा बिगरवैद्यकीय वापर थांबवण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत होती. ती मुदत संपत आली असता संसदेने ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ संमत केला आणि तो 14 नोव्हेंबर 1985 रोजी अमलात आला. पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात याचा उल्लेख एनडीपीएस असाच होतो. दुकानातल्या परवान्याची जागा आता दहा वर्षांच्या सक्तमजुरीने घेतली. केवळ भांग, म्हणजे रोपाची पाने, तेवढी या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली.

परंतु हा कायदा येण्यापूर्वीच मुंबईत दुसरे पर्व सुरू झाले होते, आणि त्याची कारणे मुंबईपासून शेकडो कोस दूर घडली होती. 1979 या एकाच वर्षी इराणात क्रांती झाली, पाकिस्तानात अफूवर बंदी आली आणि डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफूची पारंपरिक बाजारपेठ विस्कटली. पाकिस्तानच्या वायव्य सरहद्दीवर कच्च्या अफूपासून हेरॉइन काढणाऱ्या भट्ट्या उभ्या राहिल्या, आणि तो माल पंजाब, राजस्थान व गुजरातच्या वाटेने मुंबईस येऊ लागला. हेरॉइनचे हे मातकट, भेसळीचे रूप म्हणजे ब्राउन शुगर. मुंबईकरांनी त्याला गर्द म्हटले आणि ते ओढणाऱ्याला गर्दुल्ला. कच्ची अफू खाणारा म्हातारा घरच्या ओसरीवर वर्षानुवर्षे ठरलेल्या मापाने जगत असे. गर्द ओढणाऱ्याला तसे जगता येत नाही, कारण धुरावाटे फुप्फुसांत गेलेले हेरॉइन काही क्षणांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि त्याचा उतारही तितक्याच वेगाने येतो.

ती पद्धत जवळून पाहिल्याशिवाय तिचा विळखा समजत नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदी सपाट करून तिच्यावर चिमूटभर गर्द ठेवतात, खालून आगकाडी धरतात, भुकटी वितळून तपकिरी थेंब होतो व चांदीच्या उतारावरून घरंगळू लागतो, आणि ओढणारा तोंडात धरलेल्या कागदी नळीने त्या थेंबामागून निघणारा धूर ओढत जातो. याला पन्नी ओढणे म्हणतात. हे सर्व एखाद्या मिनिटाचे काम आहे. त्यासाठी सुई लागत नाही, डॉक्टर लागत नाही, आडोसाही फारसा लागत नाही. काही आठवडे हे रोज चालले की शरीर त्याची मागणी करू लागते. माल मिळाला नाही तर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब आणि हाडे मोडून काढल्यासारख्या वेदना सुरू होतात. या नादात असलेली माणसे याला टर्की लागणे म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ही अवस्था परमावधीला जाते आणि आठवडाभरात ओसरते. ती सहसा जीव घेत नाही. पण तिच्या भीतीने माणूस आईच्या गळ्यातले विकतो.

जानेवारी 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, ते बहुतेक कायमचेच. गर्द मुंबईत पसरण्याचा काळ नेमका हाच आहे. एकामुळे दुसरे झाले असे सरधोपट म्हणणे योग्य नव्हे, कारण गर्दने दक्षिण मुंबईतील महाविद्यालयांतही तितक्याच लवकर प्रवेश केला होता. पण ज्या वस्तीत तरुणांच्या हाताला काम उरत नाही, तेथे ग्राहक आणि किरकोळ विक्रेता ही दोन्ही माणसे बाजाराला आयती मिळतात, आणि पुष्कळदा ती एकच असतात. स्वतःची रोजची पुडी सुटावी म्हणून चार पुड्या विकणारा हा दुय्यम दुकानदार गर्दच्या व्यापाराचा खरा कणा ठरला.

या काळाचे पुण्यात जे पडसाद उमटले ते मराठी समाजाच्या चांगल्या परिचयाचे आहेत. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेली मुले व त्यांची घरे जवळून पाहून त्यावर विस्ताराने लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे अर्थसाहाय्य केले, आणि 1986 च्या ऑगस्टमध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 1981 सालीच कृपा फाउंडेशनचे काम आरंभले होते. या संस्थांनी आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या. व्यसन हा आजार आहे, आणि त्या आजारात पदार्थ शरीरातून काढून टाकणे हा उपचाराचा सर्वांत सोपा भाग असतो, ही त्यांतली पहिली. टर्की आठवड्यात जाते. पण घरी परतलेल्या माणसाला जुना नाका, जुने मित्र आणि जुनी उधारी तशीच भेटते. दुसरी गोष्ट अशी की बरा झालेला व्यसनी हा नव्या व्यसनीचा उत्तम समुपदेशक होतो, कारण त्याच्यापुढे खोटे बोलून चालत नाही. मुक्तांगणने पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला तो याच जाणिवेने. एका माणसाच्या नशेचा हिशेब सबंध घर देत असते.

गर्द महाग झाले, मिळेनासे झाले किंवा पोलिसांचा ससेमिरा वाढला की त्याच्या जागी जे येते ते औषधाच्या दुकानातून येते. झोपेच्या नायट्राझेपामच्या गोळीला मुंबईच्या वस्त्यांत बटन म्हणतात. मालेगावात अल्प्राझोलामची गोळी कुत्ता गोळी या नावाने ओळखली जाते. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भिवंडी-मुंब्र्याकडे पेट्यांनी पकडल्या जातात. हे पदार्थ बेकायदा नाहीत, त्यांचा व्यवहार मात्र बेकायदा आहे. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून गोळी देणारा दुकानदार स्वतःला अमली पदार्थांचा विक्रेता समजत नाही, ही यांतली मोठी अडचण. रेल्वे फलाटांवर राहणाऱ्या मुलांचे तर याहून विपरीत. त्यांना गोळीही परवडत नाही; ती पंक्चरचे सोल्युशन किंवा खाडाखोडीचा व्हाइटनर रुमालावर ओतून हुंगतात. भूक आणि थंडी दोन्ही त्याने काही वेळ जाणवत नाहीत.

तिसरे पर्व गेल्या दहा-बारा वर्षांतले, आणि ते पहिल्या दोहोंपेक्षा मुळातच भिन्न आहे. अफू आणि गर्द हे शेतातून निघालेले पदार्थ होते. त्यांना हवामान लागे, मोसम लागे, सरहद्द ओलांडावी लागे. मेफेड्रोन, म्हणजे ज्याला महाराष्ट्रात सर्वजण एमडी म्हणतात, ते संपूर्णतः रसायनशाळेत तयार होते. आफ्रिका व अरबस्तानात जी खात नावाची पाने चघळतात, त्यांतील उत्तेजक द्रव्याच्या कुळातला हा पदार्थ 1929 सालीच प्रयोगशाळेत बनवला गेला होता; विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याची कोणी दखल घेतली नाही. 2003 च्या सुमारास त्याचा पुन्हा शोध लागला, युरोपात तो पसरला, ब्रिटनने 2010 साली त्यावर बंदी घातली, आणि काही वर्षांतच तो मुंबईच्या गल्ल्यांत दिसू लागला. त्या वेळी तो एनडीपीएसच्या यादीत नव्हता. पकडलेल्या माणसावर कोणते कलम लावावे असा पेच पोलिसांपुढे पडे. 5 फेब्रुवारी 2015 रोजी तो यादीत आला; 2 ग्रॅमपर्यंत अल्प आणि 50 ग्रॅमहून अधिक व्यापारी प्रमाण असे ठरले.

एमडी ही पांढरी भुकटी नाकाने ओढतात किंवा पाण्यात, थंड पेयात टाकून घेतात. मेंदूतील डोपामिन व सेरोटोनिन ही द्रव्ये ती एकदम मोकळी करते. माणसाला उत्साह येतो, गप्पा सुचतात, झोप व भूक दोन्ही उडतात. हा परिणाम दोन-तीन तासांत ओसरतो, आणि ओसरताना जो विषण्णपणा येतो तो टाळण्यासाठी लगेच दुसरी चिमूट घ्यावीशी वाटते. त्यामुळे रात्रभरात एखादा तरुण ठरवल्याच्या कितीतरी पट माल संपवतो. नियमित घेणाऱ्याचे वजन झपाट्याने उतरते, दात करकर वाजतात, छातीत धडधडते आणि कोणीतरी पाठलाग करीत आहे अशा संशयाने त्याला घेरले जाते. गर्दुल्ला निपचित पडून राहतो म्हणून तो ओळखू येई. एमडी घेणारा पहिले काही महिने हुशार, तरतरीत आणि कामसू दिसतो, म्हणून घरच्यांना फार उशिरा कळते.

हे एमडी येते कोठून? येथे महाराष्ट्राच्या औद्योगिक भूगोलाचा संबंध येतो. औषधे आणि रसायने बनवणारे शेकडो लहानमोठे कारखाने आपल्या औद्योगिक वसाहतींत आहेत. त्यांत कुशल माणसे आहेत, भट्ट्या आहेत, कच्चा माल मागवण्याचे परवाने आहेत, आणि धंदा बुडाल्यामुळे ओस पडलेली गाळ्यांची रांग आहे. एप्रिल 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी येथील कारखान्यातून सुमारे 18 टन एफेड्रिन जप्त केले. हे द्रव्य औषधात लागते, आणि त्यापासून मेथॅम्फेटामिन नावाचा उत्तेजक पदार्थही बनतो. ऑगस्ट 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात सुमारे 700 किलो एमडी पकडले; त्या प्रकरणातील मुख्य संशयित सेंद्रिय रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर असल्याचे तपासात पुढे आले. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. फेब्रुवारी 2024 मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या वसाहतीपासून पुणे, सांगली आणि दिल्लीपर्यंत पोहोचलेल्या साखळीतून पुणे पोलिसांनी 1,700 किलोंहून अधिक एमडी हस्तगत केले. पूर्वी मुंबई हे परक्या मालाचे नाके होते; आता माल येथेच पिकतो, आणि त्याला पाऊस लागत नाही.

जुन्या वाटा बंद झाल्या आहेत असे मात्र समजू नये. ओडिशा व आंध्रच्या सीमेवरील डोंगरांतला गांजा तेलंगणातून सोलापूर, पुणे, मुंबई असा येतो; धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या वनजमिनीवर तुरी-कापसाच्या आडोशाने लावलेली गांजाची शेते पोलीस दरवर्षी उपटतात. मंदसौर, नीमच, प्रतापगड या पट्ट्यात आजही सरकारी परवान्याने औषधासाठी अफू पिकते, आणि तिच्यातला चोरून वळवलेला हिस्सा ब्राउन शुगर होऊन मुंबईस पोहोचतो; माळव्याची ही वाट दोनशे वर्षांत मोडलेली नाही. न्हावाशेवा बंदरात 2022 साली एका कंटेनरमधील सुमारे 20 टन ज्येष्ठमधाच्या मुळ्या तपासल्या तेव्हा त्यांच्यावर हेरॉइनचा लेप दिलेला आढळला. त्याआधी सप्टेंबर 2021 मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात शंखजिऱ्याच्या भुकटीच्या नावाखाली आलेले सुमारे 3,000 किलो हेरॉइन पकडले गेले. गोव्याच्या किनाऱ्यावर साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी प्रवाशांबरोबर चरस व एलएसडी आले. आज तेथे पर्यटकांच्या पैशाच्या बळावर कोकेन व एक्स्टसीच्या रंगीत गोळ्या खपतात. एप्रिल 2022 मध्ये तालिबानने खसखशीच्या लागवडीवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी अफगाणिस्तानातील पीक सुमारे 95 टक्क्यांनी घटले. हेरॉइन दुर्मिळ होऊन रासायनिक पदार्थांचा जोर आणखी वाढेल की काय, ही चिंता त्यातून उपजते.

येथे आकड्यांविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. ‘इतक्या कोटींचा माल जप्त’ हा मथळा वाचून आपण व्यसन वाढले असे म्हणतो. परंतु जप्तीचा आकडा हा पोलिसांच्या प्रयत्नाचा आकडा आहे, सेवनाचा नव्हे. ज्या वर्षी पथक वाढवले त्या वर्षी जप्ती वाढते. कोटींची रक्कम किरकोळ बाजारभावाने काढलेली असते, आणि तो भाव सांगणाराही बहुधा तपास करणाराच असतो. रासायनिक अहवालाचे महत्त्व तर एका प्रकरणाने सर्वांच्या लक्षात आणून दिले. 2015 साली सातारा जिल्ह्यात पोलीस दलातीलच एका हवालदाराच्या घरातून शंभर किलोंहून अधिक पांढरी भुकटी एमडी म्हणून जप्त झाली, राज्यभर गाजावाजा झाला. पुढे केंद्रीय प्रयोगशाळेच्या तपासणीत ते अजिनोमोटो, म्हणजे चायनीज पदार्थांत घालतात ते द्रव्य, असल्याचे निष्पन्न झाले.

सेवनाचे मोजमाप घरोघरी विचारूनच करावे लागते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्समधील तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी 2 लाख घरांतील 4 लाख 73 हजारांवर व्यक्तींना प्रश्न विचारण्यात आले होते. त्यानुसार 10 ते 75 वयोगटातील 14.6 टक्के लोक दारू, 2.8 टक्के लोक भांग-गांजा-चरस आणि सुमारे 2.1 टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ घेत होते. या शेवटच्या वर्गात अफूपेक्षा हेरॉइन घेणारे दुपटीहून अधिक होते. हुंगण्याच्या द्रव्यांचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के तर मुलांत 1.17 टक्के आढळले. अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्या देशातील सुमारे 77 लाख लोकांपैकी निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. आणि बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या दर 20 जणांपैकी जेमतेम एकालाच कधीकाळी रुग्णालयात राहून उपचार मिळाले होते. माझ्या मते संपूर्ण अहवालात सर्वांत बोलका आकडा हाच आहे.

एनडीपीएस कायद्याची भाषा कठोर असली तरी त्यात उपचाराची फट ठेवलेली आहे. कलम 27 नुसार केवळ सेवन करणाऱ्यास पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. परंतु कलम 64 अ असे सांगते की अल्प प्रमाणाबाबत आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागला तर त्याच्यावर खटला चालवू नये. ही तरतूद कोर्टाच्या पायरीवर फार क्वचित ऐकू येते. दुसरीकडे, मोठ्या विक्रेत्याविरुद्धचे खटले ढासळतात ते बहुधा कार्यपद्धतीच्या चुकांमुळे: खबर लेखी नोंदवली नाही, अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याच्या हक्काची जाणीव दिली नाही, मुद्देमालाचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले नाहीत. इतकी जबर शिक्षा असलेल्या कायद्यात हे नियम पाळले गेलेच पाहिजेत, असे न्यायालये पुनःपुन्हा बजावत आली आहेत. परिणाम असा होतो की चार पुड्यांसह सापडलेला पोरगा आत राहतो, आणि ज्याच्या गाळ्यात ती भुकटी तयार झाली त्याचा वकील पंचनाम्यातली चूक दाखवून त्याला बाहेर काढतो.

तीन पर्वांचा हा इतिहास एकत्र पाहिला की धोरणाविषयी काही गोष्टी आपोआप ठरतात. अफूच्या काळी नियंत्रणाची जागा बंदर आणि परवान्याचे कार्यालय ही होती. गर्दच्या काळी ती सरहद्द होती. एमडीच्या काळात ती रसायनांच्या कच्च्या मालाची नोंदवही आहे. कोणत्या कारखान्याने कोणते द्रव्य किती मागवले, त्यातून तयार औषध किती निघाले, बंद पडलेला गाळा कोणी आणि कशासाठी भाड्याने घेतला, याचा मेळ घालणारा निरीक्षक आज नाक्यावर गस्त घालणाऱ्या दहा शिपायांपेक्षा अधिक उपयोगी आहे. परंतु अन्न व औषध प्रशासन, औद्योगिक विकास महामंडळ आणि पोलीस ही तीन दफ्तरे एकमेकांशी बोलत नाहीत, तोवर ते काम होणार नाही. मात्र पुरवठा अडवण्याची कितीही शिकस्त केली तरी मागणी उरली की माल वाट बदलतो, हे दमणच्या काळापासून सिद्ध आहे. म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनोपचाराच्या खाटा, गर्दच्या रुग्णांसाठी पर्यायी औषधे, बरे झालेल्यांना समुपदेशक म्हणून पगारी नेमणूक, आणि कलम 64 अ ची माहिती आरोपीला पहिल्याच दिवशी मिळेल अशी व्यवस्था, एवढे तरी करावे लागेल. यांतील एकही गोष्ट नवी वा महागडी नाही; मुक्तांगण व कृपा यांनी गेली चार दशके ती थोड्या पैशांत करून दाखवली आहे. वीसांपैकी एकाला मिळणारा उपचार वीसांपैकी दहांना मिळू लागला, तर पुढचा पदार्थ कोणताही असो, त्याला महाराष्ट्रात आयती बाजारपेठ सापडणार नाही.